टिकल्यांचे पिस्तूल, रिळाचा रणगाडा आणि मातीचे मावळे : प्रदर्शनासाठी माहिती हवी आहे

प्रश्न : वाचनालय कार्यकर्ता, निपाणी परिसर

नमस्कार. आमच्या गावच्या मराठी वाचनालयात येत्या दिवाळीत जुन्या खेळण्यांचे एक छोटे प्रदर्शन भरवायचे ठरले आहे. सगळीच खेळणी मांडण्याइतकी जागा नसल्यामुळे फक्त लढाईची खेळणी घ्यावीत, म्हणजे टिकल्यांची पिस्तुले, ठिणग्या उडवणाऱ्या पत्र्याच्या मशिनगन, चावीचे रणगाडे, छोटे सैनिक, लाकडी तलवारी आणि किल्ल्यावरचे मावळे, असे माझे मत पडले आणि बाकीच्यांनीही ते उचलून धरले. १९७० आणि १९८० च्या दशकांत या भागात वाढलेल्या माणसाला लहानपणीचे आवडते खेळणे विचारले, तर बहुधा तो पिस्तुलाचेच नाव घेतो, आणि सांगता सांगता त्याच्या उजव्या हाताचा अंगठा घोडा ओढल्यासारखा हलतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

आवाहन केल्यावर आजवर जे जमले ते असे. ओतीव धातूची दोन पिस्तुले आहेत, पण त्यांपैकी एकाचा घोडा गंजून बसला आहे. पत्र्याचा एक रणगाडा आहे, त्याची चावी फिरते पण स्प्रिंग धरत नाही. बेळगावच्या कॅम्प भागातील एका कुटुंबाने शिशाचे काही सैनिक दिले आहेत, त्यांच्या अंगावर पांढरी भुकटी आली आहे. शिवाय बंद पडलेल्या एका दुकानाच्या माळ्यावर न वाजवलेल्या टिकल्यांच्या रोलची आख्खी पेटी सापडली आहे. या वस्तू कशा साफ कराव्यात, कोणती वस्तू मांडू नये, आणि मुलांनी स्वतः बनवलेली जी खेळणी आम्हाला अजिबात मिळालेली नाहीत ती कशी असत, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

आणखी एक प्रश्न आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. शाळकरी मुलांसमोर बंदुका कौतुकाने मांडणे योग्य आहे का, असे आमच्याच मंडळातील एका ताईंनी विचारले. त्यांचे म्हणणे मला धुडकावून लावायचे नाही. हे प्रदर्शन व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, पण त्यांना समाधानकारक उत्तर देता आले तरच.

उत्तर : शहापूर, बेळगाव

आमच्या वडिलांचे बेळगावात खेळण्यांचे दुकान होते आणि दसरा सरला की टिकल्या आणि पिस्तुले यांच्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावायला सवड मिळत नसे. सर्वात आधी त्या पेटीविषयी लिहितो, कारण ती बाब तातडीची आहे. टिकलीत पोटॅशियम क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस असतो. ही दोन द्रव्ये कोरडी एकत्र आली तर नुसत्या घासण्यानेही पेट घेतात, म्हणून कारखान्यात ती ओली ठेवूनच कालवतात, कागदावर त्यांचा बारीक ठिपका देतात आणि वरून दुसरा कागद चिकटवतात. एक टिकली हातात फुटली तर चटका बसण्यापलीकडे सहसा काही होत नाही, परंतु पेटीभर रोल एकदम पेटले तर ते प्रकरण वेगळे आहे. जुनी झाली म्हणून टिकली निर्धोक झाली असे समजू नये. पेटी उन्हात ठेवू नका, हलवू नका, रोल उलगडून पाहू नका, आणि अग्निशमन दलाला कळवून त्यांच्या सल्ल्यानेच तिची विल्हेवाट लावा. त्यांनी परवानगी दिली तर बाहेरचे छापील वेष्टन तेवढे प्रदर्शनासाठी मागून घ्या. त्यावरची रंगीत चित्रे पाहण्यासारखी असतात.

आता पिस्तुलाविषयी. सर्वात स्वस्त पिस्तूल पत्र्याचे असे. त्याचे दोन अर्धे भाग साच्यात दाबून काढलेले असत आणि एका भागाचे कान दुसऱ्याच्या खाचांतून काढून दुमडले की पिस्तूल तयार होई. त्यात एकेक सुटी टिकली ठेवून वाजवावी लागे. त्यावरचा प्रकार रोलचा. चाप ओढला की एक दांडी घोडा मागे नेई आणि त्याच ओढीत दुसरी दांडी कागदाची पट्टी एका टिकलीने वर सरकवी. ही दुसरी दांडी झिजली की पट्टी अर्धवट सरकते, घोडा दोन टिकल्यांच्या मधल्या कोऱ्या कागदावर आपटतो आणि नुसता खट् असा आवाज येतो. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दुकानात येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक याच असत आणि वडील चिमट्याने ती दांडी किंचित वाकवून पिस्तूल परत करीत. प्लास्टिकच्या लाल रिंगा नंतर आल्या. एका रिंगेत आठ बार असत.

घोडा का गंजतो, याचेही कारण टिकलीतच आहे. तांबडा फॉस्फरस जळला की जो पांढरा धूर होतो तो हवेतले पाणी शोषून घेतो आणि त्याचे आम्ल बनते. हे आम्ल घोड्याच्या तोंडाशी आणि स्प्रिंगेत साचते. आपल्याकडे पाऊस चार महिने मुक्कामाला असतो, त्यामुळे दिवाळीत वाजवून तसेच ठेवलेले पिस्तूल पुढच्या दिवाळीला उघडले की घोडा बसलेला सापडतो. साफ करताना आधी मऊ ब्रशने काळी राख झाडा, ओलसर फडक्याने पुसा, पूर्ण कोरडे करा आणि खिळ्यापाशी शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर राहू द्या. जोर लावून घोडा ओढू नका. तांब्या-पितळेची भांडी घासतो तशी चिंच मात्र कृपा करून लावू नका, कारण ही ओतीव पिस्तुले जस्ताच्या मिश्रधातूची असतात आणि चिंचेच्या आंबटपणाने वरचा मुलामा जाऊन खालचा धातू खरबरीत होतो. रणगाड्याच्या स्प्रिंगचे टोक बहुधा आतल्या खिळ्यावरून निसटले असेल. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जुन्या कारागिराकडे तो द्या, आणि स्वतः पत्र्याचे कान उघडू नका, कारण ते एकदा उलगडले की पुन्हा दुमडताना तुटतात.

उत्तर : कॅम्प, बेळगाव

शिशाच्या सैनिकांपुरतेच लिहितो. ती पांढरी भुकटी शिशाचा क्षार आहे आणि ती पोटात जाणे घातक आहे. हातमोजे घालूनच त्यांना हात लावा, भुकटी फुंकू नका, आणि मुलांच्या हाती ते सैनिक अजिबात देऊ नका. लाकडाच्या बंद कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात शिसे ठेवले की लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने ही भुकटी वाढत जाते, म्हणून ते काचेच्या पेटीत ठेवावेत. पोकळ शिशाचे सैनिक ओतण्याची रीत इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटनच्या कारखान्याने १८९३ मध्ये बाजारात आणली आणि १९६६ मध्ये त्या कारखान्याने शिसे वापरणे थांबवले. तुमच्याकडचे सैनिक पोकळ आहेत का आणि चौथऱ्याच्या खालच्या बाजूस काही अक्षरे उठवलेली आहेत का, हे पाहून येथे लिहिलेत तर अधिक सांगता येईल.

उत्तर : निवृत्त शिक्षक, खानापूर

मुलांनी स्वतः बनवलेल्या खेळण्यांविषयी आपण विचारलेत याचा मला फार आनंद झाला, कारण खानापूर तालुक्यातील आमच्या पिढीच्या बहुसंख्य मुलांच्या हाती विकतचे पिस्तूल कधी आलेच नाही.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्तीच्या कारवाईसाठी सैन्य बेळगावात एकवटले, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. खानापूरवरून लोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्याने लष्कराच्या गाड्यांच्या रांगा जाताना पाहायला आम्ही बांधावर उभे राहत असू. ६३ वी ब्रिगेड पूर्वेकडून अनमोडच्या बाजूने आणि ५० वी पॅराशूट ब्रिगेड उत्तरेकडून गोव्यात उतरली, हे पुढे वाचनातून कळले. त्या वेळी आम्हाला एवढेच कळत होते की गाड्या संपतच नाहीत. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर आमच्या आळीत प्रत्येक घराच्या ओसरीवर रणगाडे तयार होऊ लागले. मी सांगतो आहे तो रणगाडा दोऱ्याच्या लाकडी रिळाचा.

तो असा बनतो. रिकामे लाकडी रीळ घ्यावे आणि त्याच्या दोन्ही कडांना चाकूने बारीक खाचा पाडाव्यात, म्हणजे जमिनीवर पकड येते. रिळाच्या भोकातून रबराचे कडे ओवावे. एका बाजूला काडेपेटीच्या काडीचा लहान तुकडा रबरात अडकवावा आणि ती काडी फिरू नये म्हणून बाजूला एक चुका ठोकावा. दुसऱ्या बाजूला मेणबत्तीची एक चकती कापून तिला मधोमध भोक पाडावे, रबर त्यातून बाहेर काढावे आणि त्यात बोटाएवढी लांब काडी घालावी. ही लांब काडी फिरवून रबराला पीळ द्यावा आणि रीळ जमिनीवर ठेवावे. लांब काडीचे टोक जमिनीला टेकते, त्यामुळे काडी फिरू शकत नाही आणि रीळच फिरत पुढे सरकते. सगळी खुबी त्या मेणाच्या चकतीत आहे. ती नसेल तर काडी लाकडावर घासून अडते किंवा झटक्यासरशी पीळ सुटून जातो. मेणामुळे पीळ सावकाश उलगडतो आणि रणगाडा रांगत रांगत पाटीवर, पाटीवरून पुस्तकावर चढतो. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तो विशेष छान चाले. पुढे शिक्षक झाल्यावर यंत्रशक्ती आणि घर्षण हे पाठ मी याच रणगाड्यावर शिकवले. प्रदर्शनात तो नुसता मांडून ठेवू नका. मुलांना तेथेच बनवू द्या.

बांबूची बंदूकही अशीच घरची. एका पेराएवढी बारीक बांबूची नळी आणि तिच्यात घट्ट बसेल असा दट्ट्या. एक हिरवे बारीक फळ दट्ट्याने पुढच्या टोकापर्यंत नेऊन बसवायचे, मागून दुसरे घालून जोराने रेटायचे. मधली हवा दाबली जाऊन पुढचे फळ फट् आवाज करीत सुटते. कोणती नळी घ्यावी हे जाणणारा मुलगा आळीत एखादाच असे, आणि पावसाळा सुरू झाला की बाकीची मुले त्याच्या मागे लागत.

लाकडी तलवारींना मात्र शिवजयंतीची वेळ ठरलेली होती. बेळगावात वैशाखात तिथीप्रमाणे शिवजयंती होते आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. त्या चित्ररथांवर मावळे होऊन उभे राहिलेल्या मुलांच्या हातात फळीच्या तलवारी आणि पुठ्ठ्याच्या ढाली असत, त्यांवर चंदेरी बेगड चिकटवलेली असे. मिरवणूक संपली की त्या तलवारी आळीत येत आणि बेगड पूर्ण उडेपर्यंत लढाया चालत.

उत्तर : माजी सैनिक, बेळगाव तालुका

ताईंनी विचारलेल्या प्रश्नाला मी उत्तर देऊ इच्छितो, कारण मी लहानपणी लाकडाची बंदूक खेळलो आणि मोठेपणी खरी बंदूक वागवली.

मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण १७६८ मध्ये उभी राहिली आणि रेजिमेंटचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. त्यामुळे आपल्या भागातील मुलांना सैनिक पाहायला चित्रपटाला जावे लागत नव्हते. सुट्टीवर आलेला काका, पेन्शनवर आलेले आजोबा, पहाटे रस्त्याने धावत जाणारे रिक्रूट आणि कसम परेडच्या दिवशी मैदानावर उभे असलेले आई-वडील, हे सर्व आमच्या डोळ्यांसमोर होते. आमच्या खेळात गोळी झाडण्याला फार थोडा वेळ मिळे. बहुतेक वेळ रांग धरणे, पाऊल जुळवणे, पहाऱ्याला उभे राहणे आणि कोण हवालदार होणार यावर भांडणे, यातच जाई. ज्याच्या घरात वर्दी होती तोच हवालदार होई, कारण त्याला सलाम बरोबर करता येत असे.

आमच्या घरी एक नियम होता आणि पलटणीत असलेल्या बहुतेक घरांत तो मी पाहिला आहे. बंदूक लाकडाची असो की टिकल्यांची, नळी माणसाकडे धरायची नाही. माझ्या मोठ्या भावाने एकदा गंमत म्हणून टिकल्यांचे पिस्तूल आजीकडे रोखले, तेव्हा सुट्टीवर आलेल्या वडिलांनी ते त्याच्या हातून काढून घेतले आणि ती दिवाळी सरेपर्यंत परत दिले नाही. बारा वर्षांनी मी भरती झालो आणि पहिल्याच आठवड्यात उस्तादाने शिकवलेला पहिला धडा तोच निघाला. ज्या मुलाला हत्याराची ओळख अशा रीतीने होते त्याच्या मनात हत्याराविषयी उतावीळपणा राहत नाही, असे माझे ठाम मत आहे. ताईंना माझे नम्र सांगणे आहे की खेळण्यांबरोबर हा नियमही पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि पिस्तुले मांडताना त्यांच्या नळ्या भिंतीकडे वळवून ठेवा.

मात्र ताईंची काळजी एका बाबतीत पूर्णपणे रास्त आहे. आजकाल जत्रेत आणि बाजारात प्लास्टिकचे टणक छर्रे उडवणाऱ्या आणि हुबेहूब खऱ्या रायफलीसारख्या दिसणाऱ्या ज्या बंदुका विकल्या जातात, त्यांना आपल्या प्रदर्शनात मुळीच जागा देऊ नये. तो छर्रा डोळ्याला लागला तर डोळा जाऊ शकतो. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले आहे. घरातील मुलासाठी काहीही विकत घेताना ते चिन्ह पाहावे, एवढे तरी पालकांना तेथे आवर्जून सांगा.

कोणी रिकामी काडतुसे आणून दिली तर घेऊ नका. फायरिंग रेंजच्या कडेने पितळी पुंगळ्या वेचून त्यांच्या शिट्ट्या करणारी मुले आमच्या वेळी होती, आणि त्या ओढीने मुले जाऊ नये तेथे जात. पुंगळी म्हणून उचललेली वस्तू न फुटलेली निघाली तर काय होते, हे मी येथे लिहीत नाही. अशी वस्तू कोणाच्या घरी असेल तर तिला हात न लावता पोलीस ठाण्यात कळवावे.

उत्तर : कुंभार घरातील लेक, खानापूर

सर्वांनी बंदुकांवर इतके लिहिले आहे, तेव्हा मी मावळ्यांवर लिहिते. खानापूरची माती भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही आमच्या गावात आहे. दिवाळीआधी आमच्या घरी साच्यातले मावळे निघत. प्लास्टरच्या दोन तुकड्यांच्या साच्यात माती आतून दाबून बसवायची, दोन्ही तुकडे जुळवायचे, थोडी सुकली की साचा उघडायचा आणि जोडाची शीर ओल्या बोटाने पुसून टाकायची. ही शीर नीट पुसली नाही तर सुकताना मावळा तिथेच उकलतो. सावलीत सुकवून मग रंग. अंगरखा, पगडी आणि ढाल आम्ही मुली रंगवत असू; डोळे आणि मिशा मात्र आईच काढायची, कारण हात हलला तर चेहरा बिघडे आणि गणपत गल्लीतला व्यापारी तो नग बाजूला काढी.

पिस्तूल भावाचे असे. माझ्या ओळखीच्या कोणत्याही घरात मुलीसाठी पिस्तूल आणलेले मी पाहिले नाही. किल्ला मात्र सर्वांचा होता. माती कालवणे, गोणपाट भिजवून त्याचे कडे घालणे, मोहरी पेरून हिरवळ उगवणे, पायऱ्या कापणे, यात आम्ही पुढे असू. टिकल्या चार दिवसांत संपत. किल्ल्याला तुळशीच्या लग्नापर्यंत रोज पाणी घालावे लागे आणि मावळे पुन्हा पुन्हा मांडावे लागत. कोणत्या बुरुजावर कोण उभे राहील, तोफेचे तोंड कोठे असेल आणि चोरवाट कोठून निघेल, हे ठरवण्यात खरी लढाई असे. म्हणून माझी सूचना अशी की पिस्तुले आणि रणगाडे काचेच्या पेटीत एकेकटे न ठेवता मध्यभागी मुलांकडून किल्ला करवून घ्या आणि बाकीची मांडणी त्याच्या भोवती करा. येळ्ळूरचा राजहंसगड आपल्या सर्वांना परिचयाचा आहे, तोच करा. आपल्या ताईंना किल्ल्याच्या कामात घ्या. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर तेथे आपोआप मिळेल असे मला वाटते.

मावळे हवे असतील तर आमच्या घरात जुना साचा आहे. एक कोपरा उडालेला आहे, पण काम होते. न भाजलेले मावळे ओल्या हाताने धरू नयेत, एवढे मुलांना सांगा.

प्रश्नकर्ता : निपाणी परिसर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टिकल्यांच्या पेटीविषयी आजच अग्निशमन दलाला कळवले आहे आणि तोवर ती खोली कुलूप लावून बंद ठेवली आहे. शिशाचे सैनिक काचेच्या पेटीत जातील. ते हाताला हलके लागतात, म्हणजे पोकळ असावेत, आणि चौथऱ्याखालची अक्षरे भिंगातून वाचून मी येथे लिहीन. माजी सैनिक काकांचा नियम आमच्या ताईंना वाचून दाखवला. त्यांनी आक्षेप पूर्णपणे मागे घेतलेला नाही, मात्र ती पाटी आपण स्वतः लिहू असे त्या म्हणाल्या, आणि राजहंसगड करण्याची जबाबदारी त्यांनीच मागून घेतली आहे. खानापूरच्या ताईंकडे साच्यासाठी पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो.

सरांच्या रणगाड्यासाठी मात्र अडचण आली आहे. येथील सर्व शिंप्यांकडे विचारले, पण सगळीकडे प्लास्टिकची रिळे आहेत आणि त्यांच्या कडा इतक्या गुळगुळीत आहेत की खाच पाडायला गेले की तुकडा उडतो. कोणाकडे लाकडी रिळे असतील तर कृपया कळवावे.

उत्तर : शहापूर, बेळगाव

वडगाव आणि खासबागच्या जुन्या विणकर घरांत सूत गुंडाळायच्या लाकडी बॉबिन अजून पडून आहेत. त्या दोऱ्याच्या रिळापेक्षा लांब असतात, म्हणून मधोमध कापून दोन्ही कडा सारख्या कराव्या लागतील आणि रबरही मोठे लागेल. रविवारी मी विचारून येतो आणि मिळतील तेवढ्या निपाणीच्या बसने पाठवतो.